हौशी नाट्यमंडळाने प्रेमाचा प्रयोग कसा बसवावा

नाट्यमंडळाच्या बैठकीत ‘या वर्षी प्रेमावर काहीतरी करू’ असे कोणी म्हटले, की पाच मिनिटांत सगळी चर्चा नायक कोण आणि नायिका कोण या दोनच प्रश्नांपाशी येऊन अडकते. मंडळात तरुण मुलगे दोन असतात आणि त्यांतल्या एकाची परीक्षा तोंडावर आलेली असते. तरुण मुली तीन असतात आणि त्यांतल्या दोघींच्या घरी ‘तसली’ भूमिका चालणार नसते. मग पंचेचाळिशीच्या सचिवांनाच केस काळे करून नायक व्हावे लागते. अशा तीन प्रयोगांत मी काम केले आहे आणि त्यांपैकी एकात केस काळे केलेला तो नायक मीच होतो. प्रयोग पडला असे म्हणता येणार नाही, कारण टाळ्या भरपूर मिळाल्या. मात्र त्या कोणत्या वाक्यांना मिळाल्या हे आठवले, की आजही कान गरम होतात.

दोष अभिनयाचा होता त्याहून अधिक निवडीचा होता. व्यावसायिक निर्माता आधी संहिता ठरवतो आणि मग तिच्यासाठी नट शोधतो, कारण त्याला नट मिळतात. स्थानिक मंडळाला नट शोधायचे नसतात, ते समोर बसलेलेच असतात. पण त्यांच्यात आठ वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंत सगळी वये असतात, मावशी-भाची, सासरा-जावई, तीस वर्षांचे शेजारी अशी खरी नाती असतात, आणि प्रेक्षागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना ही माणसे नावानिशी ठाऊक असतात. इतकी सामग्री हाताशी असताना एका तरुण जोडप्याची गोष्ट करण्याचा हट्ट धरणे म्हणजे भरल्या घरात एकाच खोलीत राहण्यासारखे आहे. म्हणून क्रम उलटा करावा : आधी माणसे पाहावीत, त्यांच्यावरून प्रेमाची रूपे ठरवावीत आणि संहिता सर्वांत शेवटी निवडावी किंवा लिहावी.

आधी माणसे, मग प्रेमाची रूपे

एका कागदावर चार रकाने आखावेत. पहिल्यात नाव, दुसऱ्यात वय, तिसऱ्यात आठवड्यातून किती संध्याकाळी ती व्यक्ती खरोखर येऊ शकेल हे लिहावे (ती सांगते त्यातून एक संध्याकाळ वजा करून), आणि चौथ्यात ती व्यक्ती कोणासमोर उभी राहिली असता पाहत राहावेसे वाटते याची नोंद करावी. हा चौथा रकाना बैठकीत भरता येत नाही. तालीम सुरू होण्याआधी लोक खुर्च्या लावत असतात, एकमेकांची टिंगल करत असतात, कोणी कोणाची हरवलेली पाने शोधून देत असते, तेव्हा दिग्दर्शकाने कोपऱ्यात बसून तो भरायचा असतो. आमच्या मंडळात दोन निवृत्त गृहस्थ आहेत, जे बुद्धिबळाच्या एका जुन्या डावावरून आजही भांडतात आणि तरीही एकमेकांशेजारीच बसतात. त्यांना समोरासमोर उभे केले, की निम्मे नाटक लिहून झालेले असते.

त्यानंतर प्रेमाची रूपे पाहावीत. यासाठी आपल्या परंपरेतच एक चांगली चाळणी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात सांगितलेल्या आठ रसांपैकी प्रेमाच्या वाट्याला शृंगार हा एकच रस आला आहे; रती हा त्याचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी टिकून असणारी भावना, आणि संभोग व विप्रलंभ, म्हणजे मीलन आणि विरह, हे त्याचे दोन भेद. आईबापांच्या मायेला स्वतंत्र रसाचे आसन मिळायला बराच काळ जावा लागला. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त वत्सल रस मानला. पुढे सोळाव्या शतकात रूप गोस्वामींनी भक्तिरसाची मांडणी करताना शांत, दास्य, सख्य, वात्सल्य आणि माधुर्य (म्हणजे प्रियकर-प्रेयसीचा भाव) असे पाच मुख्य प्रकार सांगितले. ही मांडणी देव आणि भक्त यांच्या नात्यासाठी केलेली आहे हे खरे, पण माणसामाणसांतल्या नात्यांनाही ती चपखल बसते. दास्याच्या रकान्यात आजारी माणूस आणि त्याची शुश्रूषा करणारी परिचारिका येऊ शकते, सख्यात ते दोन बुद्धिबळपटू येतात, वात्सल्यात आजी-नातू येतात आणि त्याबरोबरच सावत्र आई, विद्यार्थ्यावर जीव असणारा मास्तर हेही येतात. शांताच्या रकान्यात मी सहसा असे प्रेम घालतो, ज्यात समोरचा माणूस आता नाही आणि मागे राहिलेल्याने ते स्वीकारले आहे.

या पाचांत भावंडांना नीटशी जागा मिळत नाही आणि संपलेल्या प्रेमालाही मिळत नाही, म्हणून ते दोन रकाने मी पदरचे जोडतो. संपलेले प्रेम हा विषय हौशी मंडळे टाळतात, याचे मला नेहमी नवल वाटते. घटस्फोटाच्या कागदावर सही करण्यासाठी भेटलेली दोन माणसे ‘पेन तुझ्याकडे आहे का?’ एवढेच बोलतात, त्या वाक्यात पंधरा वर्षांचा संसार उभा राहू शकतो, आणि त्यासाठी केस काळे करावे लागत नाहीत.

भाव सापडला तरी प्रसंग सापडतोच असे नाही, आणि रंगमंचावर भाव दाखवता येत नाही, प्रसंगच दाखवता येतो. येथे अष्टनायिका, म्हणजे आपल्या नाट्यपरंपरेने सांगितलेले प्रेमात पडलेल्या नायिकेचे आठ प्रकार, मदतीला येतात. वासकसज्जा सजून वाट पाहते. अभिसारिका स्वतःच भेटीला निघते. प्रोषितभर्तृकेचा नवरा परगावी आहे. खंडितेचा प्रियकर दुसरीकडे रात्र काढून आला आहे. कलहांतरितेने भांडून त्याला घालवून दिले आहे आणि आता ती पस्तावते आहे. बारकाईने पाहिले तर या नायिका स्वभावावरून ओळखल्या जात नाहीत. त्या कोणत्या अवस्थेत सापडल्या आहेत यावरून ओळखल्या जातात. हीच अवस्था उचलून दुसऱ्या नात्यात ठेवून पाहावी. मुलाला घराबाहेर काढून दाराआड उभा राहिलेला बाप कलहांतरितच असतो. दूरदेशी गेलेल्या मैत्रिणीच्या फोनची वाट पाहणारी सत्तर वर्षांची बाई प्रोषितभर्तृकेच्याच जातीची आहे. कलाकारांना नात्यांचे सात रकाने आणि या अवस्था एकाच फळ्यावर लिहून दाखवाव्यात आणि ज्याला जी जोडी खुणावते तिच्यावर दहा मिनिटांचा उत्स्फूर्त प्रवेश करायला सांगावे. दोन संध्याकाळींत पंधरा-वीस प्रवेश होतात. त्यांतले तीन-चार टिकण्याजोगे निघाले, की पुरे.

एका मोठ्या नाटकापेक्षा पंधरा ते वीस मिनिटांच्या चार नाटिकांचा प्रयोग स्थानिक मंडळाला अधिक झेपतो, कारण प्रत्येक नाटिकेचे कलाकार वेगळे असले, की तालमी वेगवेगळ्या संध्याकाळी ठेवता येतात आणि एक जण आजारी पडला म्हणून सगळ्यांचे काम थांबत नाही. मध्यांतर धरून प्रयोग पावणेदोन तासांच्या आत संपवावा. चारही नाटिकांना एकच बाक आणि दोन खुर्च्या एवढेच नेपथ्य ठेवले, तर प्रवेश बदलताना अंधारात धडपड होत नाही आणि एकाच बाकावर निरनिराळी माणसे येऊन बसतात ही गोष्ट प्रेक्षक न सांगता जोडून घेतात. क्रम लावताना सर्वांत हसरी नाटिका पहिली ठेवावी आणि तरुण जोडप्याची असलीच तर ती दुसरी ठेवावी. ती शेवटी ठेवली, की आधीच्या तिन्ही नाटिका तिची प्रस्तावना वाटू लागतात.

संहिता आणि ‘प्रेम’ हा शब्द

प्रकाशित नाटिका करायची असेल, तर लेखकाची किंवा हक्कधारकाची लेखी परवानगी तालमी सुरू होण्याआधी घ्यावी. प्रवेश विनामूल्य आहे म्हणून परवानगी लागत नाही, या समजुतीवर विसंबू नये. लेखकाच्या मृत्यूनंतरही हक्क बराच काळ टिकतात : भारतात ६० वर्षे, युरोपातील बहुतेक देशांत ७० वर्षे. मूळ लेखक जुना असला तरी अनुवादाचे हक्क वेगळे असतात, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

स्वतः लिहिणार असाल, तर लोकांकडून त्यांच्या आठवणी जरूर मागाव्यात, पण येथे स्थानिक मंडळाला एक धोका असतो, जो मोठ्या शहरातल्या अनोळखी प्रेक्षकांपुढे नसतो. सगळे सगळ्यांना ओळखत असल्यामुळे ‘हे तर अमक्याच्या घरचे’ अशी कुजबूज तिसऱ्या रांगेतून सुरू होते आणि नाटक तिथेच संपते. आठवण देणाऱ्याची संमती घेणे पुरेसे नाही, कारण त्या आठवणीत दुसरेही कोणी असते आणि त्याला कोणी विचारलेले नसते. मी एक साधा नियम पाळतो : घटना ठेवायची असेल तर नाते बदलावे आणि नाते ठेवायचे असेल तर घटना बदलावी. दोन बहिणींमधला अबोला दोन मित्रांकडे नेला, तरी त्यातली कळ जराही कमी होत नाही.

पहिला खर्डा तयार झाला, की तांबडी पेन्सिल घेऊन ‘प्रेम’, ‘माया’, ‘जीव लावणे’, ‘तुझ्याशिवाय’ हे सगळे शब्द खोडावेत आणि नाटिका पुन्हा वाचावी. जिथे काहीच बिघडले नाही तिथे ते शब्द नकोच होते; जिथे अर्थ कळेनासा झाला तिथे प्रसंग कच्चा आहे आणि शब्दांनी त्याला टेकू दिला होता, असे समजावे. ही कसोटी काही माझ्या पदरची नाही. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’च्या पहिल्याच प्रवेशात राजा तिन्ही मुलींना आपल्यावरचे प्रेम बोलून दाखवायला सांगतो, थोरल्या दोघी शब्दांचा पाऊस पाडतात आणि धाकटी बोलायला नकार देते. खरे प्रेम कोणाचे, याबद्दल गेली चारशे वर्षे एकाही प्रेक्षकाला शंका आलेली नाही.

आपल्याकडचे उदाहरण याहून जुने आणि माझ्या मते याहून उपयोगी आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’तला चौथा अंक रसिकांनी सर्वांत श्रेष्ठ मानला, आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी नाटकवाल्यांनाही तो जवळचा आहे. हा प्रेमकथेचा अंक असूनही त्यात नायक रंगमंचावर येतच नाही. त्यात आहेत सासरी निघालेली मुलगी, तिच्या दोन सख्या आणि तिला जन्म न देता वाढवणारा कण्व. तपोवनातून पाऊल उचलताना शकुंतलेचे वस्त्र मागून ओढले जाते. ती वळून पाहते, तर तिने वाढवलेले हरणाचे पाडस असते. दर्भाच्या टोकांनी त्याचे तोंड चिरले, तेव्हा तिने त्याला हिंगणाचे तेल लावले होते, याची आठवण कण्व करून देतो. तेल लावणे ही एक कृती आणि वस्त्र ओढणे ही दुसरी. या दोन कृतींमध्ये सगळे वात्सल्य बसले आहे. आपल्या नाटिकेत ‘तेल’ कोणते आणि ‘वस्त्र’ कोणते, हे प्रत्येक लेखकाने समासात लिहून ठेवावे.

पात्रे वाटताना

चौथ्या रकान्यातल्या जोड्या पाहूनच पात्रे वाटावीत आणि रूपाचा विचार शक्यतो करू नये. प्रेक्षक प्रेमावर विश्वास ठेवतो तो नटाच्या लक्ष देण्यावरून. नटाचे रूप त्यात फार थोडे काम करते. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिकांमधून प्रेक्षकांच्या पिढ्या जिंकल्या, आणि लंडनच्या रंगभूमीवर तर १६६० सालापर्यंत सगळ्या नायिका मुलगेच करत असत. तरीही या दोन्ही ठिकाणी प्रेमाची नाटके बहरली. तेव्हा साठीच्या बाईने विरहिणी केली, तर बिघडण्यासारखे काही नाही. तिने विशीची विरहिणी करण्याची मात्र गरज नाही. साठीतलाच विरह करावा.

दोन पुरुषांमधले किंवा दोन स्त्रियांमधले प्रेम हे रूप घ्यावे की नाही, यावर मंडळात वाद होतो. घ्यावे, असे माझे मत आहे. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’मध्ये हा विषय मराठी रंगभूमीवर आणला त्यालाही आता चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. अट एवढीच, की त्या जोडीला इतर तिन्ही जोड्यांसारखेच वागवावे : तिच्यावर विनोद बेतू नये, तिचा शेवट मृत्यूने किंवा उपदेशाने करू नये, आणि भूमिका करणाऱ्याला त्याच्या खासगी आयुष्याबद्दल कोणी काही विचारू नये. बाकावर बसलेले दोन प्रौढ पुरुष घर बदलण्याच्या याद्या करत आहेत आणि ‘तुझी पुस्तके’, ‘माझी पुस्तके’ असा हिशेब करताकरता कोणते पुस्तक कोणाचे हेच दोघांना आठवेनासे होते, एवढा प्रसंगही पुरतो.

तालीम : एक प्रवेश जवळून

सहा आठवडे आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी, म्हणजे अठरा तालमी चार नाटिकांना पुरतात. पहिल्या दोन वाचनाच्या, पुढच्या चार हालचाली बसवण्याच्या, त्यानंतर हातातले कागद बंद. शेवटच्या दोन तालमी सलग आणि त्यांतली अखेरची रंगीत. हे वेळापत्रक कोणीही सांगेल. अवघड असते ते मधल्या दहा तालमींत काय करायचे हे, म्हणून एक प्रवेश येथे जवळून दाखवतो.

आमच्या एका नाटिकेत नवऱ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असते आणि बायको त्याच्या डोळ्यांत औषध घालते. लेखकाने सुरुवातीला बायकोच्या तोंडी ‘आयुष्यभर तुम्ही माझी काळजी घेतलीत, आता माझी पाळी आहे’ असे वाक्य दिले होते. तांबड्या पेन्सिलीने ते उडवले आणि बऱ्याच तालमींनंतर प्रवेश असा उरला :

‘वर बघा.’
‘बघतोय.’
‘छताकडे. माझ्याकडे नाही.’
(ती औषध घालते.)
‘पाच मिनिटं डोळे मिटून बसा.’
‘वाचायला दे काहीतरी.’
‘डोळे मिटून?’
‘मग तू वाच.’

यानंतर ती वर्तमानपत्र उचलते, स्वतःचा चष्मा शोधते, तो सापडत नाही, म्हणून टेबलावर पडलेला त्याचा चष्मा घालते आणि अक्षरे दिसतात का ते पाहत पान जवळ-लांब करते. अंधार.

यात बसवण्यासारखे काय आहे, असे दोन्ही कलाकारांना पहिल्या दिवशी वाटले होते. पहिला प्रश्न उभे राहण्याचा होता. दोघे समोरासमोर आले, की प्रेक्षकांना दोघांचे कान दिसतात. म्हणून त्याची खुर्ची सरळ प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवली आणि तिला खुर्चीच्या मागे उभे केले. ती वाकून औषध घालते तेव्हा त्याचा चेहरा दिसत नाही, पण कपाळावर टेकलेला तिचा डावा तळहात दिसतो, आणि त्या क्षणी तोच दिसायला हवा. औषध घालून झाल्यावर त्याची मान सरळ होते, डोळे मिटलेले असतात, आणि आता दोघांचेही चेहरे समोर येतात.

दुसरा प्रश्न तिच्या नजरेचा होता. ‘माझ्याकडे नाही’ हे वाक्य बाईंनी लाजून म्हटले, तेव्हा तालमीला बसलेले सगळे हसले आणि आम्ही खूश झालो. चार दिवसांनी तेच हसू खोटे वाटू लागले. मग त्यांना सांगितले, की तुम्हाला फक्त थेंब चुकू नये एवढीच काळजी आहे, दुसरा काही विचार मनात आणू नका. वाक्य कोरडे झाले आणि हसू तिथेच राहिले, पण त्यानंतर एक शांतता येऊ लागली. ती शांतता आम्ही मोजून सात सेकंदांची ठेवली. त्याचे डोळे मिटलेले आहेत, तो तिला पाहू शकत नाही, आणि त्या सात सेकंदांत ती त्याच्याकडे बघते. एरवी सबंध नाटिकेत ती त्याच्याकडे थेट एकदाही बघत नाही, हे आम्ही मुद्दाम ठरवले होते. सात सेकंद तालमीत फार लांब वाटतात आणि नट घाईने पुढचे वाक्य बोलून टाकतो. त्यासाठी प्रॉम्प्टरने पुस्तकात पाहायचे सोडून मनगटी घड्याळ पाहावे आणि प्रत्येक तालमीनंतर नटाला आकडा सांगावा. आमचा आकडा तीनवरून सातवर यायला पाच तालमी लागल्या.

बाटली रिकामीच ठेवावी. एकदा खरेपणासाठी पाणी भरले होते, ते नटाच्या डोळ्यात गेले, त्याने दचकून डोळे उघडले आणि सात सेकंद वाहून गेले. दहाव्या रांगेतून थेंब दिसत नाही, हात दिसतो.

या प्रवेशातून एक काम इतर नाटिकांसाठीही उचलता येते : प्रत्येक जोडीने एकमेकांकडे कधी पाहायचे नाही, हे आधी ठरवावे. ‘डोळ्यांत डोळे घालून बोला’ असे सांगितले, की नट टक लावतात आणि सगळी नाती एकसारखी दिसू लागतात. भांडण झालेल्या भावाने बहिणीकडे न पाहता तिची पिशवी दारापर्यंत नेली, तर ती पिशवीच बोलते.

स्पर्शाचे नियम

जवळिकीचा प्रसंग तलवारबाजीइतका काटेकोर बसवावा लागतो. गेल्या दहा वर्षांत व्यावसायिक रंगभूमीवर आणि चित्रपटांत या कामासाठी स्वतंत्र व्यक्ती नेमण्याची पद्धत अनेक ठिकाणी रूढ झाली आहे. हौशी मंडळाला तशी व्यक्ती मिळणार नाही, पण तिची शिस्त उचलता येते. दोन्ही कलाकारांना वेगवेगळे बसवून विचारावे, की कुठे स्पर्श चालेल आणि कुठे चालणार नाही, आणि उत्तराचे कारण मागू नये. त्यानंतर हात कोणत्या शब्दावर उचलायचा, कुठे ठेवायचा, किती वेळ ठेवायचा आणि कधी काढायचा, हे लिहून ठेवावे. लिहिलेल्याबाहेर काही करायचे नाही. प्रयोगाच्या भरात ‘सुचले म्हणून’ केलेली मिठी ही चूकच समजावी, ती कितीही छान दिसली तरी. अशा प्रवेशाची तालीम दोघेच असताना घेऊ नये, तिसरी व्यक्ती खोलीत हवीच. कोणीही एका रात्रीत मत बदलले, तर हालचाल बदलावी आणि त्यावर चर्चा करू नये. अठरा वर्षांखालील कलाकारांसाठी असे प्रसंग लिहूच नयेत.

घरच्यांना आधी कल्पना देणे हेही याच कामात मोडते. आमच्या एका प्रयोगात मिठीचा प्रसंग ऐन रंगात आला असताना बाईंचा चार वर्षांचा मुलगा पहिल्या रांगेत उभा राहून ‘आई, चल ना घरी’ असे मोठ्याने म्हणाला. सभागृह पाच मिनिटे हसत होते. बाई पक्क्या होत्या, त्यांनी मिठी सोडली नाही. पण पुढचे सगळे गंभीर संवाद हसण्यावारी गेले. मुलाला रंगीत तालमीला आणून तो प्रसंग दाखवला असता, तर हे टळले असते, आणि पहिल्या रांगेऐवजी त्याला विंगेजवळ मावशीच्या मांडीवर बसवता आले असते.

चुंबन टाळावे असे माझे मत आहे, आणि त्याचे कारण नीतीचे नसून नाट्याचे आहे. ओळखीच्या दोन माणसांनी रंगमंचावर चुंबन घेतले, की प्रेक्षक पात्रे विसरतो आणि त्या दोन माणसांचा विचार करू लागतो. निघताना कॉलर नीट करणे, भिजलेली छत्री तिच्या हातातून काढून घेणे, तिचे वाक्य त्याने पूर्ण करणे, यांतले काहीही त्या जागी अधिक काम करते.

प्रकाश, संगीत आणि प्रयोगाचा दिवस

प्रकाशयोजनेत गुलाबी रंग वापरू नये. पिवळसर उबदार प्रकाश सगळ्या नाटिकांना चालतो. संवादांच्या खाली बासरी किंवा पियानो वाजवण्याचा मोह आवरावा, कारण जिथे संगीत वाजते तिथे नटाला वाटते की आपले काम संगीत करते आहे. दोन नाटिकांच्या मधल्या अंधारात मात्र संगीत हवे, आणि ते प्रत्येक वेळी तेच असावे.

प्रयोगाच्या दिवशी सामानाचे टेबल विंगेत ठेवून प्रत्येक वस्तूची जागा खडूने आखावी आणि पहिली घंटा होण्याआधी एकाच व्यक्तीने ते तपासावे. प्रेमाच्या नाटिका लहानलहान वस्तूंवर उभ्या असतात आणि लहान वस्तूच हरवतात. चष्मा हरवला तर आमच्या नाटिकेला शेवटच उरत नाही. म्हणून बाटली, चष्मा, पेन, पुस्तके यांच्या दोन-दोन प्रती ठेवाव्यात. तिसऱ्या घंटेनंतर उशिरा येणाऱ्यांना पहिली नाटिका संपेपर्यंत आत सोडू नये.

ओळखीचे लोक नको तिथे शिट्टी वाजवतात. तरुण जोडी दिसली की ती वाजणारच, असे धरूनच तालीम करावी : एका संध्याकाळी मंडळातल्या सहा-सात जणांना मागे बसवून मुद्दाम शिट्ट्या आणि शेरे मारायला सांगावे आणि नटांनी न थांबता, आवाज न चढवता, हातातली कृती चालू ठेवून गोंगाट ओसरण्याची वाट पाहायची, याचा सराव करावा. हातात काम असलेला नट गोंगाटात बुडत नाही. पेन शोधणारा माणूस शिट्टी वाजली तरी पेन शोधतच राहू शकतो. ‘मी तुझ्यावाचून जगू शकत नाही’ म्हणणाऱ्याला मात्र थांबून उभे राहावे लागते.

शेवटच्या अभिवादनासाठी जोड्याजोड्यांनी बाहेर येऊ नये, कारण मग प्रेक्षक कलाकारांच्या जोड्या लावतो आणि पुढचे सहा महिने थट्टा करतो. सगळ्यांनी एकत्र यावे, वयाने सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या कलाकारांना मध्ये उभे करावे, दोनदा वाकावे आणि पडदा पडू द्यावा. पडदा पडताच सामानाच्या टेबलाशी जाऊन चष्मा त्याच्या मालकाला परत करावा, कारण तो बहुधा कोणाच्या तरी खऱ्या नवऱ्याचा असतो आणि त्याला घरी जाताना तो लागणार असतो.